जावयाला लाल शाई

४ ऑक्टोबर

सासूबाईंना वाकून नमस्कार. खरोखरच वाकलो आणि टेबलाच्या कडेवर कपाळ आपटलं. आमची खोली तेवढीच आहे. नमस्कार करायचा तर आधी खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवावी लागते.

माझं पत्र बघून तुम्ही चष्मा पुसून पुन्हा नाव वाचलं असेल. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि मी तुम्हाला लिहिलेला हा पहिलाच कागद. फोन केला असता, पण तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि पार जिन्यापर्यंत ऐकू जातो. शिवाय इथून फोन लावला की तुमची लेक कान देऊन शेजारी बसते, आणि मला जे सांगायचंय ते तिला कळायला नकोय.

सरळ सांगतो, मी नापास झालो.

तिला इथे परदेशात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली, तिच्या पाठोपाठ मीही आलो आणि मास्तर व्हायच्या कॉलेजात नाव घातलं, हे तुम्हाला माहीत आहे. त्याआधी फोटो स्टुडिओ, मग विम्याचं ऑफिस, मग छापखाना, हे तिन्ही मी सोडलं, हेही माहीत आहे. त्यावरून तुम्ही अकरा वर्षांत मला एक शब्द बोलला नाहीत. नुसतं बघितलंत. मला तेवढं पुरत होतं.

तर कॉलेजने मला सरावासाठी एका शाळेत पाठवलंय. दुसरीचा वर्ग आहे, सव्वीस मुलं. गेल्या मंगळवारी तपासणीचा पहिला पाठ होता. निरीक्षकबाई मागे मुलांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसल्या होत्या. वर्गाच्या मूळ बाई मला "या" म्हणाल्या. मी काखेत तक्ता धरून दारापर्यंत गेलो आणि तिथेच उभा राहिलो.

मुलं उठून उभी राहायची वाट बघत होतो हो. मास्तर आले तरी बसून राहणारा वर्ग मी जन्मात पाहिला नव्हता. म्हटलं, उठतील. ती सतरंजीवर मांडी घालून माझ्याकडे बघत होती आणि मी त्यांच्याकडे. अशी चार मिनिटं गेली. शेवटी दोन वेण्यांची एक मुलगी उठली, तेव्हा मला वाटलं, चला, सुरुवात झाली. ती सरळ माझ्याजवळ आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "तुम्ही हरवलात का?" आणि तिने मला नेऊन ऑफिसात पोचवलं. मी गेलो. हात सोडवून घ्यावा हे सुचलंच नाही. तिथल्या क्लार्कने पाहुण्यांचा फॉर्म पुढे केला, तो मी भरला.

निरीक्षकबाईंचा शेरा एका ओळीचा आहे: 'प्रशिक्षणार्थीने वर्गात प्रवेश केला नाही.'

दुसरा आणि शेवटचा पाठ बारा डिसेंबरला आहे. त्यात उडालो की कॉलेजातून नाव कमी. तुमच्या लेकीला मी सांगितलंय की पाठ उत्तम झाला, मुलं खूश होती. मुलं खूश होती हे खरं आहे.

मला माहीत असलेल्या शिक्षिका तुम्ही एकट्याच, आणि बत्तीस वर्षांचा अनुभव. म्हणून लाज गुंडाळून लिहितोय. याआधी मला कुठलंच काम इतकं हवं नव्हतं, सासूबाई. हे हवंय. काय करू ते सांगा.

आपला जावई


१५ ऑक्टोबर

जावईबापूंना अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, वाचून आनंद झाला. कपाळाला हळद लावावी. तुमच्या हुशारीबद्दल आम्हाला कधीच शंका नव्हती. दारात थांबणं हे तुमच्या घरच्या चांगल्या वळणाचंच लक्षण आहे, आत येण्याची घाई करणारी माणसं आम्हालाही आवडत नाहीत. परक्या मुलखात प्रकृतीला जपावं, दूध घेत जावं. बबीला यातलं काही कळणार नाही, निश्चिंत असावं.

आता एक अडचण आहे. जावयाला बोल लावायचा नाही हा आमच्या घरचा नियम आहे. माझ्या आईने तो पाळला, आणि तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत तिला तो किती जड गेला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तो मी मोडणार नाही. पण विद्यार्थ्याला बोलणं हा माझा धंदा होता. तेव्हा मी तोड काढली आहे. निळ्या शाईत लिहीन ती तुमची सासू. लाल शाईत लिहिणार त्या बाई. त्या बाईंचा आणि आमचा काही संबंध नाही, त्यांचं बोलणं आमच्यावर धरू नये.

लोभ आहे तसाच ठेवावा.

तुमची सासू

(इथून पुढे लाल शाईत)

अरे गाढवा,

वर्ग उभा राहतो तो मास्तर आत आल्यावर. तू आत गेलासच कुठे? लग्नातल्या नवरदेवासारखा उंबऱ्यात थांबलास, कोणी ओवाळायला येतंय का बघत. त्या पोरीला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. वाट चुकलेलं माणूस दिसलं, तिने जागेवर नेऊन पोचवलं.

पहिला धडा: आत जायचं. कोणी उठो, न उठो.

दुसरा: पुढचा पाठ कशावर घेणार आहेस त्याचं टाचण उलट टपाली पाठव. कोणत्या मिनिटाला तू काय करणार, मुलं काय करणार, सगळं. दोन्हीकडे समास सोड. अक्षर बरं आहे, पण ओळी वर चढतात.

बाई


२७ ऑक्टोबर

सासूबाईंना आणि बाईंना वेगवेगळा नमस्कार.

निळ्या पानातली दुधाची ओळ तेवढी तुमच्या लेकीला वाचून दाखवली. "आईने माझ्या नवऱ्याला दूध प्यायला सांगितलंय, मला नाही," म्हणून ती थोडी फुगली. लाल पान शाळेच्या बाथरूममध्ये कडी लावून तीनदा वाचलं. गाढव म्हटल्यावर इतकं हलकं वाटेल असं वाटलं नव्हतं. अकरा वर्षं तुम्ही मनात काय म्हणत असाल याचा मी अंदाज बांधत होतो. माझे अंदाज याहून वाईट होते.

लाल पान आता माझ्या थंडीच्या कोटाच्या अस्तरात आहे.

पाठाचा विषय मिळाला: लांबी मोजणे. टाचण सोबत आहे, समास सोडलेत. थोडक्यात असं. पहिली अकरा मिनिटं मी लांबी म्हणजे काय ते समजावून सांगणार. मग मोजपट्टीचा इतिहास. मग फळ्यावर मोजपट्टी काढून तिचे भाग. शेवटी वेळ उरला तर मुलं वहीवर एक रेघ मोजतील. तक्ता तयार आहे, रंगीत. त्यासाठी चार संध्याकाळी घातल्या, आणि तुमच्या लेकीने मोजपट्टीच्या रेघा मारून दिल्या.

दोन वेण्यांची मुलगी रोज सकाळी मला फाटकापाशी भेटते आणि वर्गापर्यंत सोडते. मी आता वाट चुकत नाही हे तिला तीनदा सांगितलं. ती म्हणते, असू दे.

आपला जावई आणि विद्यार्थी


८ नोव्हेंबर

जावईबापूंना आशीर्वाद.

टाचण फारच सुबक. तक्त्याचं वर्णन वाचून मन प्रसन्न झालं. इतकी मेहनत घेणारा जावई मिळाला हे बबीचं भाग्य. इकडे सर्व ठीक. गुडघा मधूनमधून बोलतो.

तुमची सासू

(लाल शाईत)

हे टाचण आहे की कीर्तन?

अकरा मिनिटं समजावून सांगणार? सात वर्षांची मुलं अकरा मिनिटांत दोनदा बाथरूमला जाऊन येतात आणि तिसऱ्यांदा विचारतात. तरी मी उगाच नावं ठेवत नाही, करून बघते. रविवारी माझ्याकडे वर्ग भरवला. तिघं होती: समोरचा शिंपी, वरच्या मजल्यावरचे बसचे निवृत्त कंडक्टर, आणि तळमजल्याची शेजारीण, ती भाजी निवडायला घेऊन आली होती. तुझं टाचण जसंच्या तसं शिकवलं. तिसऱ्या मिनिटाला कंडक्टर झोपले. सहाव्या मिनिटाला शेजारणीला गॅसवर दूध ठेवल्याची आठवण झाली. शिंपी शेवटपर्यंत बसला, पण तो गळ्यात टेप असलेला माणूस, त्याला लांबी काय सांगायची? जाताना म्हणाला, "बाई, तुम्ही असं कधी शिकवत नव्हता." माझा पाणउतारा झाला तुझ्यापायी.

मग मी ते टाचण बाजूला ठेवलं आणि म्हटलं, हे माझं टेबल प्रत्येकाने आपापल्या वितीने मोजा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात ताणायचा. शिंप्याच्या सात विती भरल्या. कंडक्टरांच्या साडेआठ. शेजारीण म्हणाली नऊ. शिंपी म्हणाला, चाळीस वर्षं मी गावाला मापात बसवलं, माझं माप चुकत नाही. कंडक्टर म्हणाले, म्हणूनच तुम्ही शिवलेली विजार मला घोट्याच्या वर येते. शेजारीण म्हणाली, टेबल माझ्या समोर आहे, नऊ म्हणजे नऊ. झालं. पाऊण तास भांडण. भाजी तशीच राहिली. मी एक अक्षर बोलले नाही. शेवटी शेजारीणच वैतागून म्हणाली, "अहो, प्रत्येकाचा हात वेगळा. कोणातरी एकाचा हात धरा आणि सगळे त्यानेच मोजा."

हा तुझा पाठ. मोजपट्टी का लागते हे तू सांगायचं नाहीस, ते त्यांना भांडून कळू दे. तक्ता घरी ठेव.

शिंपी आणि कंडक्टर अजून एकमेकांशी बोलत नाहीत. पुढच्या रविवारी दोघंही येणार आहेत.

बाई


२० नोव्हेंबर, जलद टपाल

आई,

फोन केला नाही कारण प्रयोगशाळेत फोन बाहेर ठेवावा लागतो, घरी हा असतो, आणि तुझ्या स्पीकरमुळे कंडक्टरकाका मधेच मत देतात. डबा खाताना लिहितेय. कागदाला पाण्याच्या बाटल्यांवरची एखादी चिठ्ठी चिकटली असेल तर काढून टाक.

तू माझ्या नवऱ्याला गाढव म्हणालीस ते मला तीन आठवड्यांपूर्वीच कळलं. कोटाचं अस्तर उसवलं होतं म्हणून शिवायला घेतलं, तर आत तुझं अक्षर. वाचून आधी धक्का बसला, मग हसू आलं, मग रडू आलं. पान परत आत घालून तसंच शिवून टाकलं. त्याला वाटतं अस्तर आपोआप नीट झालं.

पण तो नापास झाला हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुला एक गोष्ट माहीत नाही. हा काही सोडायच्या बेतात आला की घरातले सगळे बूट-चपला पॉलिश करतो. स्टुडिओ सोडला त्या आठवड्यात माझे पाच जोड आरशासारखे झाले होते. छापखान्याच्या वेळी तर घरमालकांचेही केले. त्या मंगळवारी मी घरी आले तेव्हा "पाठ उत्तम झाला" म्हणून सांगत होता आणि हाताला काळं लागलेलं. मी काही बोलले नाही. बोलले की तो माझी समजूत घालत बसतो आणि मुख्य गोष्ट राहून जाते.

मग तुझं पत्र आलं, आणि नंतर तीन आठवडे माझे बूट मळलेले राहिले. आई, मला इतकं बरं वाटत होतं. सकाळी चिखल तसाच घेऊन मी कामावर जायचे, लोक बघायचे, मला काही वाटायचं नाही. हा टिकतोय, एवढंच डोक्यात.

काल संध्याकाळी घरी आले तर दाराशी सगळे जोड ओळीने मांडलेले, चमकत होते. पावसाळी रबरी बूटही. काय झालं ते सांगत नाही. म्हणतो, सहज वेळ होता.

मला त्याने मास्तर व्हायला हवंय असं नाही. त्याला हवंय, आणि तो स्वतःच्या तोंडाने म्हणेना, म्हणून जीव तुटतो. मी काही म्हटलं तर ते बायकोचं होईल. तूच लिही. लाल शाईत लिही. मी सांगितलं असं कळू देऊ नकोस.

तुझी बबी


३० नोव्हेंबर, जलद टपाल

(पूर्ण पत्र लाल शाईत)

निळं पेन संपलंय, त्यामुळे आज सासूबाई नाहीत.

तुझं पत्र आलं नाही. हजेरीत तुझ्या नावापुढे गैरहजर लिहिलंय. विषय दिला, पाठ दिला, तू करून बघितला असशील आणि फजिती झाली असेल. तू काही कळवलं नाहीस म्हणून मीच सांगते. भांडण लावून दिलंस, ते लागलं, आणि मग तुझ्या हातात राहिलं नाही. गोंगाट झाला. तू आवाज चढवलास, त्यांनी तुझ्यावर चढवला. शेजारच्या वर्गाची बाई डोकावून गेली. बरोबर?

मागच्या पत्रात मी एवढं सगळं लिहिलं आणि हे एकच लिहायचं विसरले. गोंगाट झाला की आवाज उतरवायचा. खाली बसायचं आणि कोणातरी एकाला हळूच काहीतरी सांगायचं. काय सांगितलं हे ऐकायला बाकीची आपोआप गप्प होतात. चूक माझी आहे. त्याचे गुण तुझे कापणार नाही.

आता दुसरं. तू तीन कामं सोडलीस ते मी बघत होते. नुसतं बघितलंत म्हणालास, तर काय बघत होते ते ऐक. प्रत्येक वेळी तू कोणालाही न विचारता गेलास. एक दिवस सकाळी उठायचं आणि सांगायचं, सोडलं. या वेळी पहिल्यांदा तू कपाळ आपटून घेऊन कोणाला तरी विचारलंस, काय करू. ते पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं की हा आता मास्तर होणार. मग मी लाल पेन शोधलं. सहा वर्षं ते कपाटात पडून होतं, गरम पाण्यात धरून चालू करावं लागलं.

सोडायचं असेल तर तेरा तारखेला सोड. मी काही म्हणणार नाही, निळ्यातही नाही आणि लालमध्येही नाही. बारा तारखेला मात्र आत जायचं.

आणि बूट पॉलिश करत बसू नकोस. त्या वेळात टाचण वाच.

बाई

ता. क. रविवारचा वर्ग चालू आहे. आता सात जण येतात. शिंपी आणि कंडक्टर बोलू लागले, विजार उसवून लांब करून दिली.


१३ डिसेंबर

बाईंना आणि सासूबाईंना, ज्यांचं पेन आता चालू झालं असेल अशी आशा आहे, दोघींना नमस्कार.

तुमचं पत्र जलद टपालाने असूनही वाटेत अडकून अकरा तारखेला दुपारी आलं. एकोणीस नोव्हेंबरला मी तो पाठ करून बघितला होता आणि अगदी तुम्ही लिहिलंय तसंच झालं. फक्त शेजारची बाई डोकावून गेली नाही, ती आत येऊन माझा वर्ग गप्प करून गेली. तेव्हाच मी मनातून सोडलं होतं. कॉलेजला द्यायचा अर्जसुद्धा लिहून ठेवला होता. बुटांचं तुम्हाला कसं कळलं? बत्तीस वर्षं मुलं सांभाळल्यावर माणसाला असं दिसत असणार, दुसरं काय.

अर्ज फाडला. काल सकाळी उठलो तर माझे बूट आधीच पॉलिश केलेले. मी हात लावला नव्हता. तुमची लेक म्हणाली, मी केले, सहज वेळ होता. तिला बिचारीला यातलं काही माहीत नाही आणि नेमक्या दिवशी केले, याला योगायोग म्हणायचं.

आता पाठ. तुमचा पहिला धडा इतका मनात धरला होता की दार उघडलं आणि जोरात आत शिरलो. सतरंजीच्या कडेत पाय अडकला आणि पार फळ्यापर्यंत पोचलो. दोन वेण्यांची म्हणाली, "आज आलात." निरीक्षकबाई त्याच बुटक्या खुर्चीत होत्या. त्यांनी काहीतरी लिहिलं.

मी म्हटलं, हे मोठं टेबल आपापल्या वितीने मोजा. कोणाच्या अकरा, कोणाच्या चौदा, एकाच्या तेवीस, तो बहुधा परत येतानाही मोजत होता. मग भांडण. बाई, तुमचे शिंपी-कंडक्टर यांच्यापुढे काहीच नाहीत. एक मुलगा दुसऱ्याचा हात धरून टेबलावर दाबून दाखवत होता. तोंड उघडून ओरडणार होतो, इतक्यात तुमची लाल अक्षरं डोळ्यांपुढे आली. सतरंजीवर बसलो आणि दोन वेण्यांच्या मुलीच्या कानात हळूच म्हटलं, "खरं माप कोणाचं?" बस. पंचवीस मुलं गुडघ्यांवर सरकत जवळ आली आणि विचारायला लागली, काय म्हणाले, काय म्हणाले.

तिने थोडा विचार केला आणि मोठ्याने सांगितलं की आपण सगळे भांडतोय, म्हणून जी भांडत नाहीये तिचा हात घेऊ या. आणि उठून तिने मागे बसलेल्या निरीक्षकबाईंचा हात धरला. ती मुलगी कोणाचा हात धरते तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे. निरीक्षकबाई त्या खुर्चीतून निघेनात, खुर्चीही बरोबर उठली. मूळ बाईंनी खुर्ची ओढून काढली. मग निरीक्षकबाईंनी पुठ्ठ्यावर हात ताणून ठेवला, मुलांनी अंगठ्यापासून करंगळीपर्यंत खुणा केल्या, आणि मी तेवढ्याच लांबीच्या सव्वीस पट्ट्या कापल्या. सगळ्यांनी टेबल मोजलं. सगळ्यांचं उत्तर नऊ आणि थोडं. निरीक्षकबाई म्हणाल्या, खिडकीही मोजा. मग म्हणाल्या, मला मोजा. घंटा झाली तरी त्या गेल्या नाहीत.

शेरा सोबत उतरवून पाठवतो. 'आवाज: फार. शिकणं: तेवढंच. वर्गात प्रवेश: झाला.' खाली सही, आणि 'उत्तीर्ण'.

घरी येऊन तुमच्या लेकीला सगळं खरं सांगून टाकलं, पहिल्या नापासापासून. म्हटलं, आता रडेल, रागावेल. ती म्हणाली, "बरं," आणि मला आणखी वाढलं. मग आत जाऊन बराच वेळ तोंड धूत होती. मला तिचं काही कळत नाही.

इथवर कालचं. आजचं सांगतो, खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो. काल पाठानंतर मुलांनी विचारलं की पहिल्या दिवशी तुम्ही दारात का थांबला होता. मी सांगितलं, आमच्याकडे मास्तर आले की मुलं उभी राहतात, मी त्याची वाट बघत होतो. ती हसली, मीही हसलो आणि विषय संपला.

आज सकाळी मी आत गेलो आणि सगळा वर्ग उभा राहिला. सव्वीसच्या सव्वीस, ताठ, हात बाजूला. दोन वेण्यांची सगळ्यांत पुढे. मूळ बाई काहीतरी घ्यायला आल्या, त्यांनी हे बघितलं आणि त्याही उभ्या राहिल्या. आणि मी तिथेच खिळलो. इथे खडू नाहीत, त्यामुळे डोळ्यात खडूची पूड गेली असंही म्हणता येईना. किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी एकाने विचारलं, "आता आम्ही काय करायचं?" आणि मला पुढचं आठवेना. दोन वेण्यांची म्हणाली, "मी ऑफिसात नेऊ का?"

बाई, या वेळी मी नको म्हणालो. एवढी प्रगती आहे.

तुमचा विद्यार्थी आणि जावई


२४ डिसेंबर

(निळ्या शाईत)

जावईबापूंना अनेक आशीर्वाद. अभिनंदन. आम्हाला शंका नव्हतीच. दूध घेत जावं.

तुमची सासू

(लाल शाईत)

अरे, उभ्या वर्गाला 'बसा' म्हणायचं असतं. तुला आत जायला शिकवलं, गप्प करायला शिकवलं, आणि हेच राहिलं. सव्वीस पोरं ताटकळत ठेवलीस माझ्या विसरभोळेपणामुळे. यापुढे लक्षात ठेव.

तुझं पत्र रविवारच्या वर्गात मोठ्याने वाचलं. नऊ जण होते. पट्ट्या कापल्या तिथे शिंप्याने मान डोलवली. 'उत्तीर्ण' आलं तिथे कंडक्टरांनी त्यांची जुनी शिट्टी वाजवली, खालच्या मजल्यावरचे लोक बघायला आले. शेजारीण म्हणाली, मी नऊच म्हटलं होतं.

मग पुढचं पान वाचायला घेतलं, मुलं उभी राहिली ते. ते काही मला मोठ्याने वाचता आलं नाही. शिंप्याने माझ्या हातातून घेऊन वाचलं. वाचून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उभी आहे. कधी उठले ते कळलं नाही. बत्तीस वर्षं लोक माझ्यासाठी उठले, मी कोणासाठी उठले नव्हते. शिंपी म्हणाला, बाई, बसा ना, गुडघा दुखेल. मी म्हटलं, ते तू म्हणायचं नाहीस. ज्याच्यासाठी उभी राहिले त्याने म्हणायचं.

हे पत्रही कपाटावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितेय, म्हणून ओळी वर चढल्यात. टपालाला दहा दिवस लागतात ते माहीत आहे. हरकत नाही, उभं राहायची सवय आहे. पण सर, जमेल तेवढ्या लवकर लिहा.

बाई


४ जानेवारी, जलद टपाल

(लाल शाईत)

बाई, बसा.